इंग्रजी विभाग बंद करा!

२४ ऑक्टोबर १९६८. केनियाला स्वातंत्र्य मिळून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तिघांनी मिळून एक टिपण लिहिलं. मागणी थेट होती: इंग्रजी विभाग बंद करा.

तिघं म्हणजे न्गूगी वा थ्योंगो (तेव्हा ते जेम्स न्गूगी या नावानं लिहीत), हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग. निमित्त झालं ते विभागाच्या हंगामी प्रमुखांनी महिनाभर आधी मांडलेल्या प्रस्तावाचं. त्यांचं म्हणणं तसं समंजसच वाटावं असं होतं. इंग्रजी विभागाचा ब्रिटिशपणा हळूहळू कमी होईल, अमेरिकन, कॅरिबियन आणि आफ्रिकी लेखनालाही त्यात जागा मिळेल.

नेमकी हीच 'जागा' तिघांना खुपली. जागा देणारा घरमालक कोण? नैरोबीतल्या वर्गात बसून विद्यार्थी जग पाहणार ते लंडनच्या खिडकीतून, आणि स्वतःचा देश त्याला दिसणार शेवटच्या प्रकरणात, तोही वेळ उरला तर. त्यांना हे चित्र उलटं करायचं होतं. आफ्रिका मध्यभागी, आणि बाकीचं जग तिच्या नात्यानं. शेक्सपिअरला हाकलायचं नव्हतं. त्याला फक्त पहिल्या रांगेतून उठवायचं होतं.

मला या टिपणातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो तो मौखिक साहित्याचा. गोष्टी, गाणी, म्हणी, कोडी या गोष्टी तोवर मानववंशशास्त्रज्ञांच्या वह्यांत जायच्या, 'जमातींचा नमुना' म्हणून. हे तिघं म्हणाले की हेच आमचं मूळ साहित्य आहे आणि ते अजून जिवंत आहे. म्हणजे लिहिता-वाचता न येणारी आजी अभ्यासाचा विषय नव्हे, तर साहित्यिक ठरली!

बरीच वादावादी झाली, पण अखेर इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला आणि अभ्यासक्रमात मौखिक साहित्यही.

एक गोची मात्र उरलीच. हे टिपण इंग्रजीत होतं आणि न्गूगींच्या कादंबऱ्याही. १९७७ साली त्यांनी न्गूगी वा मिरी यांच्यासोबत गिकुयू भाषेत नाटक लिहिलं, कामिरिथू गावच्या शेतकरी-कामगारांनी ते केलं. इंग्रजीत सरकारवर टीका केलेली खपली होती. हे खपलं नाही. नाटकावर बंदी आली, ३१ डिसेंबरला न्गूगींना अटक झाली. खटला चाललाच नाही. जवळजवळ वर्षभराच्या त्या कैदेत त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. सुटून आल्यावर विद्यापीठातली नोकरी काही त्यांना परत मिळाली नाही.