भाड्याचा संगणक

लग्नकार्याला आपण कढया, खुर्च्या, मांडव भाड्यानं आणतो. मांडववाल्याला एक निश्चिंती असते... कढई पंचवीस वर्षांनीही कढईच राहते. पण भाड्यानं द्यायची वस्तूच दर काही वर्षांनी जुनी ठरत असेल तर?

अमेरिकेत संगणकांच्या बाबतीत हेच झालं. आयबीएम आपली यंत्रं मुख्यतः भाड्यानंच द्यायची. १९५६ साली मक्तेदारीविरोधी खटल्यात सरकारशी तडजोड झाली आणि ती विक्रीलाही ठेवणं तिला भाग पडलं. मधल्या माणसांना इथंच वाट सापडली. १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही मालिका जाहीर झाल्यावर काही कंपन्या कर्ज काढून ही यंत्रं विकत घ्यायच्या आणि आयबीएमपेक्षा कमी भाड्यानं द्यायच्या. हिशेब एवढाच, की यंत्र आयबीएमच्या अंदाजापेक्षा जास्त वर्षं कमावून देईल. म्हणजे पैज यंत्रावर नव्हे, काळावर! १९७० मध्ये सिस्टीम/३७० आली आणि अनेकांचे आडाखे कोसळले.

केन पाँटिकस हा पूर्वी आयबीएममध्ये विक्रीचं काम केलेला गृहस्थ. त्यानं १९६९ मध्ये कॉमडिस्को काढली. जुने संगणक घ्यायचे, विकायचे, भाड्यानं द्यायचे. कुठलं यंत्र किती दिवसांनी कितीला जाईल, ही पारख हेच तिचं भांडवल. पुढे तिनं पर्यायी संगणक केंद्रंही उभारली. गिऱ्हाइकांनी नियमित वर्गणी भरायची आणि आग-पूर आला की तिथं जाऊन काम सुरू करायचं.

पाँटिकस १९९४ मध्ये वारले. नंतर डॉटकॉमची हवा आली. नव्या कंपन्यांना भांडवल आणि कर्ज देणारी कॉमडिस्कोची शाखा जोरात वाढली. पण यंत्र परत आलं तर विकता येतं, बुडालेल्या कंपनीचं काय विकणार? फुगा फुटला आणि जुलै २००१ मध्ये कॉमडिस्कोनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

दोनच महिन्यांनी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. तेव्हा अनेक कंपन्यांचं काम चालू राहिलं, ते याच दिवाळखोर कंपनीच्या पर्यायी केंद्रांमुळे! ती केंद्रं त्याच वर्षी सनगार्डनं विकत घेतली.

मला यात गंमत नाही, हळहळ वाटते. जुन्या यंत्राचा भाव ज्यांना नेमका कळायचा, त्यांना नव्या स्वप्नांचा भाव लावता आला नाही.

असो. तुमच्या ऑफिसातला लॅपटॉप नक्की कुणाच्या मालकीचा आहे, विचारून बघा. कदाचित तोही भाडोत्री निघेल.