मेडचलचे प्रथिन

सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग मराठवाड्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. निजामाच्या राज्यात घातला गेलेला हा मार्ग निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना करीत पूर्वीचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठतो. सिकंदराबाद मागे पडल्यावर थोड्याच वेळात मेडचल हे लहानसे स्थानक लागते. भारतीय औषधविद्येच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण या गावाशी निगडित आहे.

मनुष्याच्या शरीरात हजारो प्रथिने असतात. त्यांपैकी काही औषध म्हणून उपयोगी पडतात, तर काही संशोधनासाठी लागतात. परंतु ती मिळवावयाची कोठून? 1957 मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी विषाणूंना अटकाव करणारे इंटरफेरॉन शोधून काढले. पुढे हेलसिंकीत कारी कँटेल यांनी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून ते वेगळे केले, तेव्हा पिंपे भरून रक्त खर्ची पडे आणि हाती येई ते अत्यल्प. वाढीचे संप्रेरक तर मृतांच्या मेंदूतील ग्रंथीतून काढीत. त्या मार्गाने काही मुलांना मेंदूचा प्राणघातक रोग जडला, आणि 1985 मध्ये अमेरिकेत ते औषध बंद करावे लागले.

तोवर दुसरा मार्ग खुला झाला होता. 1973 मध्ये कोहेन व बॉयर यांनी एका जीवाचा जनुक जिवाणूत बसवून दाखविला. जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याची लिखित कृती. ती हाती पडली की जिवाणू परक्याचेही प्रथिन निमूटपणे घडवितो. 1978 मध्ये अशा रीतीने मानवी इन्शुलिन तयार झाले आणि 1982 मध्ये ते बाजारात आले. पाव फुगविणाऱ्या यीस्टकडून कावीळ-ब विषाणूच्या आवरणाचे प्रथिन घडवून घेण्यात आले व त्यापासून केलेली लस 1986 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. पूर्वीची लस रोगवाहकांच्या रक्तापासून करीत.

विद्या अशी पुढे गेली, तरी भारतात लस आयात होत होती आणि एका मात्रेस कित्येक शे रुपये पडत. मात्रा तीन घ्यावयाच्या. आईकडून बाळाला जडणारा आणि यकृत पोखरणारा हा रोग गरिबाच्या घरी अधिक, तर लस श्रीमंताच्या दारी!

आंध्रातील के. आय. वरप्रसाद रेड्डी हे विद्युत्-अभियंते. 1992 मध्ये जिनेव्हाच्या एका परिषदेत या रोगाचे गांभीर्य त्यांच्या ध्यानी आले. परदेशी कंपनीकडे तंत्र मागितले असता, हे भारताला परवडणार नाही व तेथील शास्त्रज्ञांना उमगणारही नाही, असे उत्तर मिळाल्याचे ते सांगत. त्यांनी 1993 मध्ये आईच्या नावाने शांता बायोटेक्निक्स ही संस्था काढली. उस्मानिया विद्यापीठात व नंतर हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात प्रयोग चालले. ओमानचे मंत्री युसुफ बिन अलावी यांनी भांडवल दिले. ऑगस्ट 1997 मध्ये शॅनव्हॅक-बी ही लस बाजारात आली, सुमारे 50 रुपये मात्रेने. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाचे लसीकरण 750 रुपयांत होऊ लागले. स्पर्धा वाढली, तशी इतरांची किंमतही उतरली.

2002 मध्ये याच संस्थेने मानवी इंटरफेरॉन बाजारात आणले. 2003 मध्ये वोक्हार्टने मानवी इन्शुलिन आणले. त्या संस्थेची औरंगाबादची प्रयोगशाळा याच लोहमार्गाच्या दुसऱ्या अंगास होती.

तथापि कथेला दुसरी बाजूही आहे. 2006 नंतर शांताची मालकी फ्रेंच हाती गेली आणि 2009 मध्ये ती सनोफीकडे आली. विद्या येथे रुजली, मालकी मात्र टिकली नाही. तरीही ‘तुम्हाला हे उमगणार नाही’ या उत्तराचे खंडन झाले, ते काही पुसले जात नाही. मेडचलच्या लशीने लाखो बालकांचे यकृत सांभाळले. ज्यांच्या घरात ती पोहोचली, त्यांना तिच्या मालकाचे नाव ठाऊक नसेल, परंतु किंमत आवाक्यात आली, एवढे त्यांना पुरेसे होते.