पद्मिनी आणि तिचे मिस्त्री

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली दोन-तीन दशके या देशात मोटारीच्या मालकीचा आरंभ अर्जाने होत असे. मोटारींचे वितरण आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा हुकूम १९५९ मध्ये निघाला, आणि गाडी कोणाला व कोणत्या क्रमाने मिळावी हा प्रश्न दुकानदाराच्या गल्ल्यावरून उठून सरकारी दप्तरात जाऊन बसला. अर्जदाराने पोस्टाच्या बचत खात्यात अनामत भरावी, यादीत आपला क्रमांक कोठवर आला याची अधूनमधून चौकशी करावी, आणि कन्येच्या बारशाच्या वर्षी केलेल्या अर्जाचे फळ ती शाळेत जाऊ लागल्यावर पदरात पडले तर ते आपले भाग्य समजावे, अशी वहिवाट होती. गाडीची किंमतही मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या काठावरच असे. १९६४ साली पंतप्रधानपदावर असलेल्या लालबहादूर शास्त्रींनी कुटुंबाच्या आग्रहावरून फियाट घ्यावयाची ठरविली, तेव्हा तिला १२,००० रुपये पडत होते आणि त्यांच्या खात्यावर सातच हजार होते. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले, पुढे ताश्कंदहून ते जिवंत परतले नाहीत, आणि ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिता शास्त्रींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. इतक्या सायासाने घरात आलेली वस्तू पाच-सात वर्षांनी टाकून द्यावयाची असते, ही कल्पनाच त्या काळच्या माणसाच्या मनास शिवत नसे. त्या गाडीच्या पंचवीस-तीस वर्षांच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण येथे आहे.

ही फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी विमान, जहाज आणि मोटार ही तिन्ही वाहने हिंदुस्थानातच निर्माण व्हावीत असा ध्यास घेतला होता. बंगलोरला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना उभा केल्यानंतर त्यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या अवजड गाड्या येथे जुळविल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून ‘अकराशे’ ही सुटसुटीत गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. नेमक्या याच सुमारास, जे कारखानदार गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच घडविण्यास तयार असतील त्यांनाच संरक्षण द्यावे, असे धोरण टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने स्वीकारले, आणि केवळ जुळवणीवर चालणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी येथील कारभार आवरता घेतला. मागे जे मोजके कारखानदार उरले, त्यांत कलकत्त्याकडची अँबॅसडर आणि मुंबईची फियाट यांनीच पुढे तीन दशके देशातील मोटारीचे स्वरूप ठरविले.

तोंडाकडून पुढे आलेल्या बॉनेटमुळे जुन्या फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले होते, आणि त्यात तिरस्कारापेक्षा सलगीच अधिक होती. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी बिरुदे लागत गेली; इटालियन करार संपल्यावर १९७३ मध्ये ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी. नावे पालटली, पुढची जाळी पालटली, दिवे पालटले. परंतु १०८९ घनसेंटिमीटरचे चार दट्ट्यांचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर यांत मूलभूत असा फरक दीर्घकाळ पडला नाही. स्पर्धेचा धाक नसल्याने कारखान्याने सुधारणेचे कष्ट घेतले नाहीत, हा अभियंत्यांचा आक्षेप यथार्थ आहे. मात्र या दोषातूनच एक विलक्षण गुण निपजला: एका पिढीच्या गाडीचे बरेचसे भाग दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसत, आणि एका गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीला हजारो गाड्या उघड्या पुस्तकासारख्या वाचता येत.

हा मिस्त्री या इतिहासातील खरा नायक होय, आणि इतिहासात त्याची नोंद जवळजवळ नाही. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या म्हणून तो गॅरेजमध्ये शिरे, चहा आणणे, पाने पुसणे, रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुणे यांत त्याची दोन-तीन वर्षे जात, मग त्याच्या हाती चाक खोलण्याचे काम येई, आणि ज्या दिवशी उस्ताद त्याला एकट्याने इंजिन बांधू देई, तो त्याचा पदवीदानाचा दिवस. त्याची परिभाषाही त्याचीच होती. गाडी ‘मिसिंग’ करते, ‘पिकअप’ घेत नाही, इंजिन ‘खोलावे’ लागेल, ‘बोअर’ करून नवे दट्टे घालावे लागतील, पत्र्याला ‘लांबी’ भरावी लागेल, ही वाक्ये ऐकताना मालकाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत ते वैद्याच्या मुखाकडे पाहणाऱ्या आप्ताचे असत.

त्याच्या कसबाचा नमुना म्हणून पॉइंट जुळविण्याची क्रिया पाहावी. मिस्त्रीच्या बोलीत ज्याला ‘डेल्को’ म्हणत, त्या वाटोळ्या डब्याचे काळे टोपण दोन कड्या सोडवून काढले की आत दोन चिमुकले स्पर्शबिंदू दिसत. इंजिन फिरताना ते उघडत व मिटत, आणि त्या प्रत्येक उघडण्यासरशी एकेका नळकांड्यात ठिणगी पडे. ठिणग्यांनी त्यांचे तोंड जळून खडबडीत झाले म्हणजे गाडी धडधडू लागे. मिस्त्री बारीक कानशीने ती तोंडे घाशी, स्क्रू किंचित ढिला करी, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अशी ती फट जाडी मोजण्याच्या पातीने, आणि पाती हाताशी नसल्यास दाढीच्या ब्लेडने अजमावी, मग इंजिन चालू करून डेल्कोचे अंग तसूभर इकडे-तिकडे फिरवी आणि नुसत्या आवाजावरून ‘टायमिंग’ नेमके कोठे बसले ते ठरवी. खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्याच्या दुपारी पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी थांबली, की पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटे बसावे, हा उपचार तर मिस्त्रीकडून शिकून मालकांच्या घरोघर पोचला होता. दांड्यावरचा गिअर झिजलेल्या बुशांमुळे अडकला तर बॉनेट उघडून तो हाताने कसा मोकळा करावा, हेही कित्येक गृहस्थांस ठाऊक असे.

या विद्येभोवती एक बाजारपेठ वसली होती. ऑपेरा हाउसच्या परिसरात नवे सुटे भाग मिळत, चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जुने. ‘ओरिजिनल’ की ‘डुप्लिकेट’ या प्रश्नावर मालक आणि दुकानदार यांच्यात जी हुज्जत चाले तिला अंत नसे. नवरात्र संपता संपता या जगाचे दोन सोहळे लागोपाठ येत. खंडेनवमीला मिस्त्री आपल्या पान्यांना, जॅकला आणि हातोड्यांना हळदकुंकू वाही, आणि दसऱ्याला मालक गाडीला झेंडूची माळ घाली. त्या गाडीच्या आयुष्यावर दोघांचाही हक्क होता, हे या दोन पूजांनी दरवर्षी नकळत मान्य केले जाई.

मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या ठायी मालक आणि मिस्त्री हे दोघे बहुधा एकत्रच नांदत. छोटे अंग, चिंचोळ्या गल्लीत वळण्याची तयारी, छपरावर ट्रंका बांधण्यासाठी कॅरिअर आणि पुढच्या सलग बाकावर आणखी एकाची सोय, यांमुळे काळ्या-पिवळ्या रंगातील फियाट या शहराची ओळख ठरली; गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शहरातील टॅक्सींची संख्या ६०,००० च्या घरात गेली होती आणि त्यांत पद्मिनीचेच प्राबल्य होते. परमिट, बिल्ला, फिटनेस, मीटर यांच्या चक्रात फिरणाऱ्या त्या चालकाला गाडी एक दिवस उभी राहिली तर चूल थंडावण्याचे भय असे. म्हणून रस्त्याच्या कडेला, बॉनेटवर ओणवा होऊन, तो स्वतःच जेट फुंकून कार्बोरेटर साफ करी. प्रदूषणाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने आदेश दिले तेव्हा याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीच्या टाक्या बसल्या, आणि पेट्रोलसाठी बांधलेली इंजिने वायूवर चालविण्याची नवी विद्याही मिस्त्रींनी आत्मसात केली.

ऱ्हासाची कारणे मात्र मिस्त्रीच्या हाताबाहेरची होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हलकी, काटकसरी, वारंवार न बिघडणारी गाडी कशी असते याचा साक्षात्कार मध्यमवर्गाला झाला. त्या वर्गाने पद्मिनीकडे पाठ फिरविली यात कृतघ्नता शोधणे अन्यायाचे होईल. उदारीकरणानंतर प्रीमियरने प्यूजोशी आणि पुन्हा फियाटशी भागीदारी करून पाहिली, परंतु कामगारांचे तंटे, भांडवलाची ओढाताण आणि नव्या स्पर्धकांचा रेटा यांपुढे तिचा निभाव लागला नाही, आणि २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांपुरते मर्यादित करण्याचा निर्णय शासनाने आधीच घेतला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे तिची मुदत कागदावरच ठरलेल्या दिवशी, २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, संपली. त्याच्या दीडच महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसगाड्या निघून गेल्या होत्या. निदान एक तरी टॅक्सी जतन व्हावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली आणि वर्तमानपत्रांत स्मरणलेख आले.

खाजगी मालकांकडे असलेल्या गाड्यांना नव्या नियमांनी एक वाट ठेवली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लोटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र क्रमांकमालिकेत नोंदविता येते, म्हणजे १९७४ ची पहिली पद्मिनी वयाने आता त्या सन्मानास पात्र झाली आहे. परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी, तिचा सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्या नियमाची अट आहे. या अटीमागील हेतू समजण्यासारखा आहे, आणि तरीही या देशातील मोटारीच्या वास्तव इतिहासाशी ती विसंगत आहे. राजेरजवाड्यांची रोल्स रॉइस आच्छादनाखाली मूळ रूपात राहू शकली, कारण तिला रोज राबावे लागत नव्हते. पद्मिनी जगली ती दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, भंगारातले दार आणि तिसऱ्यांदा बोअर केलेले इंजिन अंगावर वागवीत, आणि तिचे भाग जितके पालटले तितकी ती अधिक अस्सल पद्मिनी झाली.

म्हणून एखादी झळझळीत, हात न लागलेली पद्मिनी काचेमागे उभी करून आपण कर्तव्यमुक्त झालो असे वस्तुसंग्रहालयांनी समजू नये. ज्यांनी ती चालती ठेवली ते मिस्त्री आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत, आणि पॉइंट, कार्बोरेटर व दांड्यावरचा गिअर यांचे त्यांचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकेका सत्रासाठी या जुन्या गॅरेजांत धाडावे, त्यांची परिभाषा, त्यांच्या युक्त्या आणि त्यांचे अंदाज टिपून घ्यावेत, आणि ते काम उस्तादांची ही पिढी हयात आहे तोवरच उरकावे.