चव व वास दर्शविणारे इंग्लिश शब्द

चव व वास दर्शविणारे इंग्लिश शब्द पाककला, अन्नतंत्रज्ञान, सुगंधी द्रव्यांचा उद्योग आणि रासायनिक सुरक्षितता या क्षेत्रांत वापरले जातात. इंग्लिशमध्ये चवींसाठी मूळ शब्द थोडे आहेत आणि वासांसाठी त्याहूनही थोडे. त्यामुळे बहुतेक वासांचे वर्णन परिचित वस्तूशी तुलना करून केले जाते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात या शब्दांना व्यावहारिक महत्त्व आहे. तेथील कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या माहितीपत्रकांत वासाचे वर्णन बहुधा इंग्लिशमध्ये असते, तर ते रसायन हाताळणाऱ्या कामगाराची भाषा मराठी किंवा हिंदी असते.

चवीचे शब्द

स्वीट, सावर, सॉल्टी व बिटर या चार शब्दांत 'उमामी' या पाचव्या शब्दाची भर पडली. तो जपानी असून रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ही चव वेगळी ओळखली. भारतीय परंपरेतील षड्रसांत तिखट व तुरट यांचाही समावेश होतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही चवी नव्हेत. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना उत्तेजित करते. इंग्लिशमध्ये तिखटाला 'हॉट' म्हणतात ते या अर्थाने अचूकच आहे. तुरटपणा लाळेतील प्रथिने टॅनिनशी बांधली गेल्यामुळे जाणवतो. त्यासाठीचा 'ॲस्ट्रिंजंट' हा इंग्लिश शब्द पुस्तकी आहे. मराठीत मात्र सुपारी, आवळा व जांभूळ यांच्यामुळे 'तुरट' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो.

भाषांतरात सर्वाधिक घोटाळा 'पंजंट' या शब्दाने होतो. आयुर्वेदाच्या इंग्लिश भाषांतरांत तो 'कटू' या रसासाठी वापरतात आणि 'तिक्त' रसासाठी 'बिटर'. संस्कृतात कटू म्हणजे तिखट व तिक्त म्हणजे कडू. मराठी 'कडू' हा शब्द 'कटू'पासून आला असला तरी वाटेत त्याचा अर्थ पालटला. हे ध्यानात न घेतल्यास सुंठ व मिरी कडू ठरतात. 'पंजंट' हाच शब्द वासासाठी आला तर त्याचा अर्थ 'तिखट' नसून 'उग्र, नाकाला झोंबणारा' असा होतो; अमोनियाचा वास हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

वासाचे शब्द

वस्तूचे नाव न घेता वासाचा प्रकार सांगणारे इंग्लिश शब्द मोजकेच आहेत: मस्टी म्हणजे कुबट, रॅन्सिड म्हणजे खवट, ॲक्रिड म्हणजे जळजळीत. ही उणीव मानवी नाकाची नसून भाषेची आहे, असे असिफा माजिद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषेच्या अभ्यासातून दाखवले. जहाई भाषकांना वासांची नावे रंगांच्या नावांइतकीच सहज सांगता येत होती.

मराठी या बाबतीत इंग्लिशपेक्षा संपन्न आहे. मातकट, धुरकट, शिळवट हे शब्द प्रत्यय लावून बनतात. करपटाण, आंबटाण, कुबटाण यांतील '-आण' दुर्गंधाची छटा देतो. खमंग व खरपूस यांना इंग्लिशमध्ये एका शब्दाचा पर्याय नाही. वळिवाच्या पहिल्या सरीनंतरच्या वासाला मराठीत मृद्गंध म्हणतात. त्यासाठीचा 'पेट्रिकोर' हा इंग्लिश शब्द १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी घडवला.

औद्योगिक वापर

घातक रसायनांसाठी सुरक्षितता माहितीपत्रकाची तरतूद भारतात १९८९ च्या नियमांनी केली. त्यातील वासवर्णने पाश्चात्त्य अनुभवावर बेतलेली असल्याने त्यांचे शब्दशः भाषांतर दिशाभूल करू शकते. रंगकामातील टोल्युइन व धातूवरील तेलकटपणा काढणारे ट्रायक्लोरोएथिलीन यांचा वास 'स्वीट' असे लिहिलेले असते. मराठीत 'गोड' या शब्दाला पसंतीची छटा असल्याने निदान 'गोडसर, गुंगी आणणारा' असे म्हणणे योग्य ठरते.

विद्युतविलेपनात वापरले जाणारे सायनाइडचे क्षार आम्लात मिसळल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. त्याचा वास 'कडू बदामासारखा' असतो. नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या गोड्या बदामाला तसा वास नसतो. बदामी इसेन्सचा वास त्याच्या अधिक जवळचा आहे. शिवाय काही व्यक्तींना तो वास जन्मतःच ओळखता येत नाही. वेल्डिंगसाठीच्या ॲसिटिलीनच्या 'लसणासारख्या' वासाबाबत अशी अडचण येत नाही. शुद्ध ॲसिटिलीन जवळपास गंधहीन असून हा वास त्यातील फॉस्फीनसारख्या अशुद्धींमुळे येतो.

हायड्रोजन सल्फाइडचा वास 'नासक्या अंड्यासारखा' सांगितला जातो. ज्या घरांत अंडे येत नाही तेथील माणसाला 'तुंबलेल्या गटारासारखा' हे वर्णन अधिक उपयोगी पडते. मात्र हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांवर गेले की घ्राणशक्ती बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू ओसरला, असा अर्थ घेणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. याउलट, स्वयंपाकाच्या गॅसची गळती नाकाला कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात.

मोटार उद्योगात वासाचे मूल्यमापन वेगळ्या रीतीने होते. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे चाकण येथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. जर्मन मोटार उद्योगाच्या व्हीडीए २७० या मानकानुसार आसने, गालिचे इत्यादी अंतर्भागातील साहित्य बंद भांड्यात ठराविक तापमानाला ठेवतात आणि परीक्षक त्याचा वास घेऊन १ ते ६ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे वास जाणवत नाही, ४ म्हणजे त्रासदायक, ६ म्हणजे असह्य. वास कशासारखा आहे, याची नोंद या श्रेणीत होत नाही.