पैशापेक्षा मोठे काय? : बाया कर्वे यांची हकीकत

आपल्या मंडळात गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक प्रश्न निघाला होता. तिळगूळ देऊन झाला, वाणे लुटून झाली, आणि बसल्या बसल्या कोणीतरी विचारले, "काय हो, आयुष्यात पैशापेक्षा मोठे काय?" कोणी म्हणाल्या आरोग्य, कोणी म्हणाल्या मुलेबाळे, कोणी म्हणाल्या मनाचे समाधान. एक वडीलधाऱ्या काकू मात्र फटकन म्हणाल्या, "अगं, वाण्याची उधारी थकली की ते समाधान कुठल्या कुठे पळते!" सगळ्या हसल्या आणि विषय तेवढ्यावरच राहिला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न पुढे उभा राहिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही विदुषी नव्हे. परंतु दुपारच्या वेळी वाचायची सवय आहे, आणि त्या वाचनात मला एक बाई भेटली. काकूंची उधारीही तिने भोगली होती आणि समाधानाची किंमतही तिने मोजली होती. तिचे नाव आनंदीबाई कर्वे. सारे तिला बाया म्हणत.

महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकीने शाळेत ऐकले आहे. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ साली मिळालेले भारतरत्न, हे सर्व आपण पाठ केले. पण या थोर पुरुषाच्या घरात चूल कोण पेटवत होते, असे शाळेत कोणी विचारले नाही आणि आपणही विचारले नाही.

बायांचे माहेर कोकणातले, देवरूखच्या जोश्यांचे. माहेरचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच तो गेला. पुढची कितीतरी वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. पुढे भाऊ नरहरपंत यांनी बहिणीला मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तिथे दाखल होणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये ही कोकणातली विधवा होती. वय वाढलेले, हात कामाने रापलेले, आणि पुढ्यात मुळाक्षरे! भगिनींनो, आपण मोठेपणी मोबाईल शिकताना किती संकोचतो ते आठवा, म्हणजे त्या बाईचे धैर्य ध्यानात येईल.

बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यास त्यांचा अण्णासाहेबांशी पुनर्विवाह झाला. अण्णासाहेबांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली होती. दुसरे लग्न करीन तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्या निश्चयाची शिक्षा दोघांनाही झाली. मुरूड हे अण्णासाहेबांचे गाव. तिथल्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्या माणसांनी त्यांना जवळ केले तर त्यांनाही वाळीत टाकू, असा धाक घातला. गावी गेले की पोटच्या मुलाने आईच्या स्वयंपाकघरापासून लांब राहायचे आणि नव्या सुनेने उंबरठ्याबाहेर थांबायचे!

१८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. तिथले आजीव सभासद थोड्या पगारावर काम करीत. तेवढ्या मिळकतीत संसार चालायचा. तशात त्यांनी जवळची पुंजी आश्रमाला दिली, आणि स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला होता तोही आश्रमाच्या नावे करून टाकला.

हे वाक्य पुस्तकात वाचताना मी तिथेच थांबले. विमा म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरातला कर्ता गेला तर मुलांच्या तोंडी घास पडावा, म्हणून पोटाला चिमटा घेऊन भरलेला तो पैसा. आणि ही बाई तर एकदा वैधव्य भोगून आलेली! नवऱ्याच्या मागे बाईचे काय होते ते तिला पुस्तकातून शिकायचे नव्हते. सवतीचा मुलगा रघुनाथ आणि पुढे स्वतःचे शंकर, दिनकर व भास्कर, अशा मुलांचा तो संसार. अशा घरातला तो शेवटचा आधार गेल्यावर कोणत्या आईच्या पोटात गोळा उठणार नाही? बायांना राग आला, दुःख झाले, आणि ते त्यांनी लपवले नाही. उतारवयात त्यांनी 'माझे पुराण' ही आपली आठवण सांगितली. सून कावेरीबाई हिने ती संपादित केली आणि १९४४ साली ती छापली गेली. नवरा देवमाणूस असला तरी त्याच्याबरोबर संसार करणे किती अवघड, हे त्या बाईने त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. दुसरी सून म्हणजे विदुषी इरावतीबाई कर्वे. त्यांनीही सासऱ्यांचा मोठेपणा सांगताना सासूच्या वाट्याला काय आले ते झाकून ठेवले नाही.

आणखी एक गोष्ट त्याहून बोचरी आहे. आश्रमाला लोकांनी वर्गणी द्यावी, विधवा मुलींना आईबापांनी तिथे पाठवावे, म्हणून अण्णासाहेबांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे वेगळी ठेवली. जुन्या वळणाचे लोक बिथरू नयेत हा हेतू. त्यामुळे पुनर्विवाहित बायांना सुरुवातीच्या काळात त्या आश्रमापासून लांब राहावे लागले. १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी उभी राहिली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन दिली होती. कॉलेजचे काम आटोपले की अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात, आश्रमाला लागेल ते सामान बरोबर नेत, मुलींना शिकवत. रस्ता खडकाळ, पावसाळ्यात नुसता चिखल. इकडे बाया पुण्याच्या बिऱ्हाडात मुले सांभाळत. म्हणजे ज्या बायकांसाठी हे सारे चालले होते, त्यांच्यातलीच एक घरी एकटी, आणि तिच्या वाटणीचा पैसा आणि नवऱ्याचा वेळही तिकडे चाललेला!

आता इथे त्या बाईने काय केले? रडत बसली नाही. नवऱ्याचे काम मोडून काढण्याचाही प्रयत्न केला नाही. तिने नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले. आपल्या हाताला काम असावे, चार पैसे आपल्या कमाईचे असावेत, हा त्यातला विचार. आणि त्याच घरात, ज्यांना दुसरे कोणी दारात उभे करीत नव्हते अशा बायकांना आसरा मिळत राहिला. पैशाची चणचण होती, पण ताटात वाढायचे हात आखडले नाहीत.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरात एक मुलगा. एक बहीण पुनर्विवाहित, तर दुसरी अलवण नेसणारी, केशवपन केलेली. पार्वतीबाई आश्रमात आल्या, तिथला स्वयंपाक व व्यवस्था पाहू लागल्या, आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी मागायला गावोगाव फिरल्या. अपरिचित घराच्या पायऱ्या चढणे, 'नाही' ऐकणे आणि तरी हसतमुखाने पुढच्या दारी जाणे हे काम केवढे कठीण, ते गणपतीची वर्गणी मागितलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. इंग्रजी धड येत नसताना या बाई १९१८ साली अमेरिकेस गेल्या. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून पोट भरले, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० साली परत आल्या. 'माझी कहाणी' या पुस्तकात त्यांनी हे सारे सांगितले आहे.

भगिनींनो, इथे मला काकूंचे बोलणे आठवले. पैसा मोठा नाही असे या दोघी बहिणींपैकी कोणीच म्हणत नव्हती. एक घरात पैशासाठी झुरत होती, दुसरी दारोदार पैसा मागत होती. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, तेही पैशावाचून अडलेच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली तेव्हा त्याला स्थैर्य आले, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले. पैशाशिवाय झोपडीवर छप्परसुद्धा चढत नाही. पैशाला तुच्छ मानणे हे पोट भरलेल्या माणसाला सुचते.

मग पैशापेक्षा मोठे काय? मला त्याचे उत्तर बायांच्या उत्तरायुष्यात सापडले. ज्या संस्थेने आपल्या मुलांचा विमा नेला, ज्या संस्थेच्या अंगणात एके काळी आपल्याला मोकळेपणाने वावरता येत नव्हते, त्याच संस्थेसाठी ही बाई म्हातारपणी स्वतः वर्गणी गोळा करू लागली. तिला कोणी आज्ञा केली नव्हती. राग विसरली असेही नव्हे, कारण तो तिने सांगून ठेवला आहे. पण आठव्या वर्षी आपल्या कपाळी जे आले ते दुसऱ्या मुलीच्या कपाळी आले, तर तिला जायला एक दार असावे, हे तिला आपल्या रागाहून मोठे वाटले. पैशाहून मोठे ते हेच, असे माझ्या अल्पबुद्धीला वाटते. आपण सोसले ते दुसरीला सोसावे लागू नये म्हणून आपल्यातले काही काढून देणे, आणि ते डोळे उघडे ठेवून, त्याची किंमत जाणून देणे.

मात्र एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. त्याग करणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. त्याच्यामागे ज्या बाईने डाळीत पाणी वाढवून घर चालवले, तिचे नाव कुठे लागत नाही. अण्णासाहेबांचे मोठेपण मी तिळभरही कमी करीत नाही. त्यांच्यासारखा पुरुष झाला नसता तर माझ्यासारखीला सातवीही पाहायला मिळाली नसती. परंतु त्यांनी दिलेल्या प्रत्येक रुपयात अर्धा बायांचा होता, असे मी म्हणते. बाया १९५० साली वारल्या. नवऱ्याला भारतरत्न मिळालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अण्णासाहेब १९६२ साली, शंभरी ओलांडून, गेले. ज्या माळावर ती झोपडी होती तो भाग आज पुणे शहरात मिसळून गेला आहे, कर्वेनगर या नावाने ओळखला जातो, आणि तिथे हजारो मुली शिकतात.

आपल्या मंडळाची शिल्लक फार मोठी नाही. तिचे यंदा काय करावे, सहल काढावी, भांडी घ्यावी की एखाद्या मुलीची फी भरावी, यावर सभेत बरीच बोलणी झाली. मी तेव्हा गप्प बसले होते, म्हणून इथे सांगते. माझे मत फीच्या बाजूने आहे. मात्र सहलीच्या बाजूने बोललेल्या बायकांना कोणी कमी लेखू नये. वर्षभर घराबाहेर न पडलेल्या बाईला एक दिवस मोकळा हवासा वाटला, तर तोही तिच्या कष्टाचाच पैसा आहे. आपण सगळ्यांनी मिळून, कोणाचे मन न मोडता, हिशेब समोर ठेवून ठरवावे. तसे ठरवता आले तर संक्रांतीच्या त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मंडळाने दिले असे होईल.

काकू, तुमची उधारीची गोष्ट मी विसरले नाही बरे का! मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन लेखणी थांबवते.