फळीवरचा तोल

दीड हात लांबीची एक लांकडी फळी आणि तिच्या तळाशीं चार लहान चाकें. स्केटबोर्ड ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध असलेल्या खेळाचें सारें साहित्य एवढेंच. धरावयास मूठ नाहीं कीं टेकावयास आधार नाहीं. खेळणाराच्या शरीराचा तोल हाच काय तो आधार. ह्या खेळाचा उगम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या समुद्रकांठीं झाला. लाटांवर फळी टाकून घसरत जाणाऱ्या तरुणांनीं, समुद्र शांत असेल त्या दिवशीं तोच आनंद डांबरी रस्त्यावर शोधला, आणि १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत हा नाद घरोघरच्या मुलांना लागला. ‘मुलांना’ म्हणजे केवळ मुलग्यांना, असा अर्थ पुढें रूढ झाला. परंतु आरंभींचा इतिहास ह्या समजुतीला मुळींच अनुकूल नाहीं.

१९६४ सालीं पॅटी मॅक्गी ही एकोणीस वर्षांची तरुणी ह्या खेळांतील अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्त्री-विजेती ठरली. १४ मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचें छायाचित्र आलें. त्यांत ती फळीवर दोन्ही हात टेकून, पाय आकाशाकडे करून उभी आहे. होबी कंपनीच्या फळ्यांचीं प्रात्यक्षिकें दाखवीत ती देशभर हिंडली, व त्याबद्दल तिला मोबदलाही मिळाला. म्हणजे लाखों वाचकांना ह्या खेळाची ओळख करून देणारी मूर्ति एका मुलीची होती.

अशी सुरुवात झाल्यावर मुलींची संख्या वाढत जावयास हवी होती. तसें झालें नाहीं, ह्याचें पहिलें कारण मुलींत नसून चाकांत होतें. त्या वेळचीं चाकें चिकणमातीच्या मिश्रणाचीं असत. गुळगुळीत फरशीवर तीं ठीक चालत. पण रस्त्यांत हरभऱ्याएवढा खडा आड आला कीं चाक जागच्या जागीं अडे आणि खेळणारा पुढें फेकला जाई. अपघात वाढले, डॉक्टरांनीं धोक्याच्या सूचना दिल्या, अनेक नगरांनीं बंदी घातली, आणि १९६५ संपतां संपतां हा सारा धंदा बसला.

फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणानें १९७३ च्या सुमारास पॉलियुरेथेन नांवाच्या लवचिक कृत्रिम द्रव्याचीं चाकें बाजारांत आणलीं, तेव्हां खेळाला पुन्हां जीव आला. हीं चाकें खड्यावरून सहज जात व वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवीत. १९७५ सालीं डेल मार येथें मोठी स्पर्धा भरली. तींत उतरलेल्या झेफर संघांत पेगी ओकी ही एकच मुलगी होती. मुक्त प्रकारांत ताठ उभें राहून नृत्यासारख्या गिरक्या घेण्याची तोंवर चाल होती. झेफर संघ मात्र लाटेवर स्वार झाल्याप्रमाणें गुडघ्यांत वाकून, हात जमिनीला लावून वळणें घेई. ओकीही तशीच खेळली आणि मुलींच्या मुक्त प्रकारांत पहिली आली. तेव्हां प्रतिस्पर्धी मुलींपैकीं कांहींनींच तक्रार केली कीं, ही तर मुलग्यांसारखी खेळते!

ह्या तक्रारींत एक मोठा प्रश्न दडला आहे. गुडघे वाकविले म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य खालीं येतो व वेगांतही तोल टिकतो. हा पदार्थविज्ञानाचा नियम मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं. शोभेचें तें मुलींचें आणि जोमाचें तें मुलग्यांचें, ही वांटणी माणसांनीं केली. आणि ती मुलींच्याही मनांत किती खोल रुजली होती, हें ह्या एका तक्रारीवरून दिसतें.

त्याच दशकांत लॉरा थॉर्नहिल हिच्या नांवाची स्वतंत्र फळी विक्रीस आली; एलन ओनील हिनें मुक्त प्रकारांत नांव मिळविलें. परंतु १९८० च्या सुमारास विम्याचा खर्च न झेपल्यामुळें खेळाचीं मैदानें एकामागून एक बंद पडलीं. उरलेल्या थोड्या जागेंत व तुटपुंज्या पैशांत प्रथम काट बसली ती मुलींच्या गटांना. पुढें २००५ सालीं मात्र कॅरा-बेथ बर्नसाइड हिनें जेन ओब्रायन व मिमी नूप ह्यांच्यासह खेळाडू स्त्रियांची संघटना उभारली, आणि ‘एक्स गेम्स’ स्पर्धांत पुरुषांइतकेंच पारितोषिक स्त्रियांना मिळूं लागलें, तें ह्या संघटित प्रयत्नानें.

२०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथम आला, तेव्हां प्रत्येक प्रकारांत वीस पुरुष व वीस स्त्रिया अशी समान संख्या होती. रस्ता-प्रकारांत सुवर्णपदक मिळविणारी जपानची मोमिजी निशिया अवघी तेरा वर्षांची होती. पॅटी मॅक्गी हा दिवस पाहावयास हयात होती. २०२४ सालीं ती निवर्तली. निशियाच्या विजयाला अनेकांनीं नव्या युगाचा आरंभ म्हटलें. वस्तुतः तो आरंभ सत्तावन्न वर्षांपूर्वींच झालेला होता. मधल्या काळांत मुलींचें कौशल्य आटलें नव्हतें, त्यांना मिळणारी जागा आटली होती.