पट्टकरवत

लवचिक पोलादी पट्टीच्या एका कडेला दाते पाडून व तिची दोन्ही टोके जोडून तयार केलेले अखंड पाते दोन चाकांवरून एकाच दिशेने फिरवून लाकूड वा धातू कापणारे यंत्र. लाकडाच्या वखारीत ते ‘बँडसॉ’ याच नावाने ओळखले जाते. हातकरवतीप्रमाणे यात परतीची फेरी वाया जात नाही आणि पाते वर्तुळाकार करवतीपेक्षा पातळ असल्याने लाकडाचा भुसाही कमी होतो.

लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ च्या सुमारास या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. कल्पना योग्य होती. उणीव होती ती पात्याची. प्रत्येक फेऱ्यात पाते दोनदा वाकते व दोनदा सरळ होते. या सततच्या वाकण्याने धातूला शिणवटा येऊन तत्कालीन पाती लवकरच तुटत, बहुधा जोडापाशीच. जोड जाड राहिला, तर तो चाकावरून जाताना हिसका बसे; तापवून जोडताना पोलादाचे पाणी उतरले, तर तेथे पाते मऊ पडे. परिणामी सुमारे चार दशके हे यंत्र व्यवहारात येऊ शकले नाही. फ्रान्समधील आन पोलीन क्रेपँ या महिलेने टिकाऊ जोडाची पद्धत शोधून १८४६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व तिचे हक्क पॅरिसच्या ए. पेरँ या कंपनीस विकले. सुधारलेले पोलाद व पायन देण्याची चांगली पद्धत यांची जोड देऊन पेरँ यांनी भरवशाची पाती बनविली. इतिहासात न्यूबेरी यांना अग्रमान मिळतो. तथापि पट्टकरवत कारखान्यात आली ती क्रेपँ यांच्या जोडामुळे.

पाते टिकू लागल्यावर कापाच्या अचूकतेचा प्रश्न पुढे आला. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांशापेक्षा जास्त नसावी, असा संकेत रूढ आहे. म्हणजे १ मिमी. जाड पात्यास साधारण १ मी. व्यासाचे चाक लागते. लहान यंत्रांत चाकांवर रबराची धाव असते व ती बहुधा मध्ये किंचित फुगीर ठेवतात. त्यामुळे ताणलेले पाते मध्याकडे सरकते.

जुळणी करताना वीजपुरवठा तोडून प्रथम मार्गदर्शक ठोकळे पात्यापासून दूर सारतात. पात्यास ताण दिल्यावर चाक हाताने फिरवून वरच्या चाकाचा कल असा साधतात की, पाते पुढेमागे न सरकता एकाच रेषेत धावेल. हा क्रम उलटविल्यास ठोकळेच पात्याला रेटू लागतात आणि चाकांचा दोष झाकला जातो. त्यानंतर मागील आधारचक्र व बाजूंचे ठोकळे पात्यापासून कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर आणतात. ठोकळे दात्यांच्या खाचांमागेच राहिले पाहिजेत, अन्यथा दाते बोथट होतात. मेज पात्याशी काटकोनात असल्याची खात्री गुण्याने करतात.

दाते आलटूनपालटून डावीउजवीकडे वाकविलेले असतात. एका बाजूचे दाते अधिक वाकलेले वा अधिक धारदार असल्यास काप त्या बाजूस वळतो. अशा वेळी टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेषा आखून ती मोकळ्या हाताने कापतात. काप रेषेवर राहण्यासाठी फळी ज्या कोनात धरावी लागते, त्याच कोनात मेजावरील आडपट्टी बसवितात. कोन फारच मोठा येत असल्यास मात्र आडपट्टी न हलविता पात्यास पुन्हा धार लावणे इष्ट ठरते.